मुक्या विमानाचा वैमानिक

विमान मुके असते का, असा प्रश्न माझ्या नातीने मला गेल्या हिवाळ्यात विचारला. नामपूरच्या घराच्या गच्चीवर आम्ही दोघे उन्हाला बसलो होतो. मोसम नदीच्या पलीकडून, धुळे-मालेगावच्या बाजूने एक इवलेसे एका इंजिनाचे विमान भुणभुणत आले. नातीच्या हातातल्या मोबाइलवर आकाशातली विमाने दाखवणारा नकाशा उघडा होता. पस्तीस हजार फुटांवरून दिल्लीकडे चाललेले एक जेट, जे आमच्या डोळ्यांना दिसतही नव्हते, ते त्या नकाशावर नाव, गाव, उंची आणि वेगासकट हजर होते. आणि डोक्यावरचे, ज्याच्या चाकांवरचा चिखलसुद्धा दिसावा इतके जवळचे विमान मात्र तिथे नव्हतेच.

ज्या डब्यामुळे विमान स्वतःची ओळख सांगते त्याला ट्रान्सपाँडर म्हणतात. हा डबा विमानात नसेल, किंवा त्याचे बोलणे ऐकणारा जमिनीवरचा कान डोंगरांच्या आड असेल, तर ते विमान नकाशापुरते मुके. एवढे मी तिला सांगितले आणि तिचे समाधान झाले. माझे झाले नाही. कारण मुके विमान म्हटले की मला एकच माणूस आठवतो. तो सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मिठापासून पोलादापर्यंतच्या कारखान्यांचा धनी म्हणून ठाऊक आहे, भारतरत्न म्हणून ठाऊक आहे. पण त्याला स्वतःला विचारले असते तर त्याने आपली ओळख आधी वैमानिक म्हणूनच करून दिली असती, असे त्याचे आयुष्य वाचताना पानोपानी वाटते. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. घरच्यांचा आणि मित्रांचा ‘जे’, बाकी सर्वांचा जेआरडी.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि त्यांचे भागीदार. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. लग्नानंतर तिचे नाव सूनी झाले. मुलगा वाढला तो फ्रेंच बोलत. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी टाटांचे उन्हाळ्यातले घर होते आणि शेजार होता लुई ब्लेरिओच्या कुटुंबाचा. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा तो ब्लेरिओ. त्याची विमाने तिथल्या वाळूवर उतरत. आपल्याकडच्या पोरांनी एस.टी.च्या मागे पळावे तशी तिथली पोरे त्या विमानांमागे पळत असणार. पंधराव्या वर्षी जेआरडींना विमानात बसायला मिळाले आणि पुढच्या आयुष्याचा निकाल तिथेच लागला.

पण मधली वर्षे सुखाची नव्हती. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. फ्रेंच नागरिक म्हणून सक्तीची लष्करी नोकरी वाट्याला आली. ती संपवून १९२५ साली मुलगा मुंबईत टाटांच्या कचेरीत दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी वडीलही गेले. केंब्रिजला जाऊन इंजिनीयर होण्याचे स्वप्न राहून गेले. पदवी नसल्याची खंत या माणसाने जन्मभर बाळगली. बाविसाव्या वर्षी थोरला भाऊ म्हणून भावंडांची जबाबदारी आणि वडिलांच्या डोक्यावरचे कर्ज दोन्ही अंगावर आले. बँकेत मी असे कितीतरी वारस पाहिले. बापाच्या मागे कर्जखात्यावर सही करताना त्यांचा हात कसा चालतो, ते मला ठाऊक आहे. टाटा झाले म्हणून तो हात वेगळा नसतो.

१९२९ च्या जानेवारीत मुंबईला फ्लाइंग क्लब निघाला. जेआरडी तिथे धावत गेले. जेमतेम पावणेचार तास शिक्षकाबरोबर उडून त्यांनी एकट्याने विमान वर नेले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हातात वैमानिकाचा परवाना पडला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांतला हा पहिला क्रमांक. याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. मौज अशी की त्याच फ्लाइंग क्लबचे शिक्षण अलीकडच्या काळात धुळ्याला चालते. तेव्हा आमच्या गच्चीवरून गेलेल्या त्या मुक्या विमानाचे गोत्र थेट जेआरडींपर्यंत पोचत असण्याचीही शक्यता आहे.

त्या काळी विमान हाकणे म्हणजे काय होते, हे आज समजावून सांगावे लागते. विमानात रेडिओ नव्हता. जमिनीशी बोलता येत नव्हते आणि जमीनही विमानाशी बोलत नव्हती. गुडघ्यावर नकाशा, समोर होकायंत्र, हातात घड्याळ. खाली रेल्वेचा रूळ दिसला तर तो धरायचा, नदी दिसली तर तिच्या वळणांवरून ओळखायची. एकदा विमान धावपट्टी सोडून गेले की ते पुढच्या गावी पोचेपर्यंत कुणालाही त्याचा ठावठिकाणा नसे. पोचले की तार येई. तार आली नाही तर वाट पाहायची.

आगाखानांनी जाहीर केलेल्या बक्षिसाची १९३० सालची गोष्ट अनेकांना माहीत आहे, पण मला ती याच कारणासाठी पुन्हा सांगावीशी वाटते. भारत आणि इंग्लंड यांच्यामधला प्रवास एकट्याने, एका महिन्याच्या आत विमानाने पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. तिघे निघाले. जेआरडी कराचीहून पश्चिमेला, तर अॅस्पी इंजिनीयर नावाचा मिसरूड फुटण्याच्या वयाचा मुलगा आणि मनमोहन सिंग हे इंग्लंडहून पूर्वेला. कोण कुठवर आला आहे, हे एकमेकांना कळण्याची काही सोयच नव्हती. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तेव्हा अॅस्पी तिथे अडकून पडलेला त्यांना दिसला. त्याच्याजवळ चांगले स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. अॅस्पी उडाला आणि जेआरडींच्या काही तास आधी पोचून बक्षीस घेऊन गेला. मनमोहन सिंगांचा प्रवास पुरा झाला, पण महिन्याची मुदत उलटली. अॅस्पी पुढे भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

या गोष्टीतला दिलदारपणा सगळेच सांगतात. मला दिसते ती वेगळी गोष्ट. वाळवंटाच्या कडेला, पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही आपला पत्ता ठाऊक नसताना दुसरा एक वैमानिक भेटणे याचा अर्थ काय असतो, हे त्या दोघांनाच कळत होते. अशा भेटीत शर्यत मागे पडते. आपल्याकडे घाटात बंद पडलेल्या ट्रकजवळ दुसरा ट्रकवाला जसा न विचारता थांबतो, त्यातलाच हा प्रकार.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक इंग्रजी हवाई दलातला माजी वैमानिक, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, १९२९ मध्ये टाटांकडे एक योजना घेऊन आला. इंग्लंडहून येणारी हवाई टपाल इंपीरियल एअरवेजची विमाने कराचीपर्यंतच आणत. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला ती आगगाडीने जाई. ही टपाल कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रासला विमानाने न्यावी, अशी योजना. टाटा समूहाचे अध्यक्ष सर दोराबजी वृद्ध आणि आजारी होते, आणि त्यांना हा उद्योग पसंत नव्हता. जॉन पीटरसन हे टाटांच्या कचेरीतले वडीलधारे अधिकारी. त्यांनी दोराबजींचे मन वळवले. भांडवल ठरले दोन लाख रुपये. सरकारने मात्र तीन वर्षे ताटकळत ठेवले. मंदीचे दिवस होते, आणि सरकार कोणतीही ठरावीक मदत द्यायला तयार नव्हते. शेवटी टाटांनी मदतीशिवाय, नेलेल्या टपालाच्या हिशेबाने मोबदला घेण्याचे मान्य केले आणि २४ एप्रिल १९३२ रोजी करार झाला. दोराबजी त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीत वारले. त्यांनी नाराजीने मंजूर केलेले विमान त्यांना पाहायला मिळाले नाही.

बँकेतली सवय सुटत नाही. मी कधीकधी हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला आहे अशी कल्पना करतो. भांडवल दोन लाख. तारण म्हणून दोन छोटी विमाने. धावपट्टी म्हणजे जुहूची चिखलवट, भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खालची. कचेरी म्हणजे झापांची एक शेड. वैमानिक तीन, त्यांतले दोघे खुद्द प्रवर्तक. उत्पन्नाची हमी शून्य. असा प्रस्ताव कुठल्याही शाखाधिकाऱ्याने वरच्या कचेरीकडे पाठवला असता तर त्याची बदली झाली असती. पण पहिल्या वर्षाअखेर या धंद्याने साठ हजार रुपये नफा दाखवला. हे कसे साधले, तर हिशेबाच्या वहीत त्याचे उत्तर सापडत नाही. ते वेळापत्रकात सापडते. पहिल्या वर्षी त्यांची विमाने सुमारे १ लाख ६० हजार मैल उडाली आणि टपाल वेळेवर पोचवण्याची त्यांची कीर्ती अशी झाली की खुद्द सरकारी खाते इतरांना त्यांचा दाखला देऊ लागले.

१५ ऑक्टोबर १९३२, शनिवार. सकाळी साडेसहाच्या सुमाराला अठ्ठावीस वर्षांच्या जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून पस मॉथ जातीचे विमान हवेत नेले. पस मॉथ म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड ताणलेले. पंख लाकडी. एकच इंजिन, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. या जातीच्या काही विमानांचे पंख १९३० पासून हवेतच तुटल्याच्या घटना घडल्या होत्या आणि त्यांची चर्चा विमानविश्वात होती. अहमदाबादला उतरल्यावर इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. ते ओतून घेऊन जेआरडी पुन्हा वर गेले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंटने दुसरे पस मॉथ बेल्लारी-मद्रासकडे नेले. बैलगाडीने विमानाला इंधन पुरवावे, हे चित्र मला फार आवडते. आमच्या नामपूरच्या बाजारात आज कांद्याच्या ट्रॅक्टरमागे एखादा बैलही चालताना दिसतो आणि कांदा विकणाऱ्याच्या खिशात भाव सांगणारा मोबाइल वाजत असतो. आपला देश एका वेळी एकाच शतकात राहत नाही.

पावसाळ्यात जुहूचा तळ पाण्याखाली जाई. मग सारा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवत. तिथून मद्रासकडे आणि परत, श्रावणातल्या ढगांमधून. ज्यांनी पावसाळ्यात साल्हेरचा डोंगर पाहिला असेल, त्यांना ढग खाली उतरले की अख्खा डोंगर कसा गडप होतो हे सांगायला नको. त्या ढगात लाकडी पंखांचे विमान, आणि डोंगर कुठे आहे हे सांगणारे कुणी नाही. त्या वैमानिकांनी सह्याद्री ओलांडून वेळापत्रक पाळले. हे मी आजही पूर्ण विश्वासाने वाचू शकत नाही, इतके ते अवघड आहे.

आकाशात हरवणे ही तेव्हा केवळ कल्पना नव्हती. १९४२ च्या जानेवारीत व्हिन्सेंट इंग्लंडला निघाला. भारतात विमाने बांधण्याच्या टाटांच्या योजनेचे काम होते. तो बसलेले हडसन जातीचे लढाऊ विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. जेआरडींनी त्याच्या बरोबरीने हा सगळा संसार उभा केला होता. तो मित्र कुठे पडला, तेही कळले नाही.

आता त्या डब्याविषयी. १९३५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्री गावाजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी रेडिओच्या लहरी विमानावर आपटून परत येतात हे दाखवून दिले आणि तिथून रडार घडले. पण रडारला एक मोठी उणीव होती. पडद्यावर ठिपका दिसे, पण तो आपला की शत्रूचा हे कळत नसे. मग आपल्या विमानात एक छोटे यंत्र बसवायचे, रडारची लहर आली की त्याने विशिष्ट उत्तर पाठवायचे, अशी युक्ती निघाली. युद्धातल्या त्या यंत्राचा नागरी वंशज म्हणजे ट्रान्सपाँडर. जमिनीवरचे रडार विचारते, तू कोण आणि किती उंचीवर. डबा उत्तर देतो.

नामपूरचा एक कांदा-उत्पादक माझा जुना खातेदार. त्याच्या मुलाच्या शिक्षणाचे कर्ज मी मंजूर केले होते. तो मुलगा आज विमान-देखभालीचा इंजिनीयर आहे. नातीच्या प्रश्नानंतर मी त्याला गाठले आणि तो मला एका हँगरमध्ये घेऊन गेला. तिथे एका चार आसनी विमानात जुना ट्रान्सपाँडर काढून नवा बसवायचे काम चालले होते. मला वाटले होते की रेडिओ बसवतात तसे दोन स्क्रू पिळले की झाले. प्रत्यक्षात मांडव घालायचा तर आधी खड्डे खणावे लागतात, तसा प्रकार. डबा बसतो पुढच्या फळीत. पण त्याचे बोलणे जाते विमानाच्या पोटाखालून, करंगळीएवढ्या अँटेनामधून. त्यासाठी पत्र्याला भोक पाडायचे, आतून जोडपत्रा लावून ती जागा बळकट करायची. अँटेना दुसऱ्या अँटेनांपासून पुरेशी लांब हवी. उंची सांगण्यासाठी डब्याला हवेचा दाब कळावा लागतो. म्हणून उंचीमापक ज्या नळीतून बाहेरची हवा घेतो, त्याच नळीला एक फाटा काढायचा. तो फाटा कुठे झिरपतो का, हे तपासावे लागते. झिरपला तर वैमानिकाचा उंचीमापकच खोटे सांगू लागेल. विजेचा भार मोजायचा. एक-दीड किलोचा डबा, पण विमानाचे वजन आणि तोल यांचा कागद नव्याने मांडायचा. शेवटी एक तपासणी-यंत्र विमानासमोर ठेवून रडारच्या नावाने प्रश्न विचारायचे आणि विमान काय उत्तर देते ते पाहायचे. मग नोंदवहीत नोंद आणि खाली जबाबदार माणसाची सही. करणारा एक, तपासणारा दुसरा. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात त्याची मला आठवण झाली आणि या लोकांविषयी एकदम आपुलकी वाटली.

डब्यावर चार आकडी क्रमांक लावता येतो. त्यात शून्य ते सात एवढेच अंक असतात, आठ-नऊ नाहीत. म्हणजे एकूण ४०९६ क्रमांक. जमिनीवरचा नियंत्रक सांगेल तो लावायचा. काही राखीव आहेत. ७७०० म्हणजे संकटात आहे. ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला. ७५०० म्हणजे अपहरण झाले. तोंड दाबले गेले तरी बोलता यावे, अशी ही सोय.

पस मॉथमध्ये हा डबा बसवायचा झाला तर, असे मी त्या मुलाला विचारले. त्याने आधी बॅटरी आणि जनरेटरची चौकशी केली. मग कापडी अंगामुळे अँटेनाखाली आतून धातूचा पत्रा द्यावा लागेल, असे म्हणाला. त्याने ती गोष्ट पूर्ण गांभीर्याने घेतली होती, मनातल्या मनात त्याचे कामही सुरू झाले होते. आमच्या भागातली मुले अशी आहेत. असो.

१९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास टपालाच्या धंद्याचे टाटा एअरलाइन्स हे नाव झाले, १९४६ मध्ये एअर इंडिया, आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाली. हे सर्व शाळेच्या पुस्तकातही असते, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. रेंगाळतो ते १९४९ पाशी. रफी अहमद किडवाई यांच्या खात्याने रात्रीची हवाई टपाल सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमाने निघायची, मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या घरी परतायची. कल्पना देखणी होती आणि नागपूरकरांना तिचा अभिमान होता. हवाई टपालाचा जनक म्हणवणाऱ्या जेआरडींनी मात्र तिला विरोध केला. रात्री उड्डाणासाठी जमिनीवर जी साधने हवीत ती अजून नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्र्यांशी उघड वाद झाला. टाटांना आपल्या कंपनीचा स्वार्थ दिसतो, असेही बोलले गेले. स्वार्थ नव्हताच असे मी म्हणणार नाही. ती योजना परवडणारी नाही हेही ते सांगतच होते. पण ज्याने अंधारात आणि ढगात विमान हाकले आहे त्याला जमिनीवरच्या दिव्याची किंमत मंत्रालयातल्या माणसापेक्षा जास्त कळणार, हेही खरे. या सगळ्या हवाई धंद्याची चौकशी करायला १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची समिती नेमली गेली. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्याला विश्वासात घेतले नाही याचे जेआरडींना फार लागले. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. प्रत्येक प्रवासात ते बारीकसारीक नोंदी करत. पडदे, खुर्च्या, चहाचा रंग, काउंटरवरची धूळ. मी राष्ट्रीयीकृत बँकेत तीन दशकांहून जास्त काळ काढला. वरिष्ठ कचेरीतून येणाऱ्या टिपणांत धुळीचा उल्लेख मी एकदाही वाचला नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. त्यांत डॉ. होमी भाभा होते. जेआरडींचे स्नेही, आणि टाटांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या संशोधन संस्थेचे शिल्पकार. याच पर्वतावर १९५० मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ही पडली होती. ‘कांचनजंगा’च्या चौकशीतून जे निघाले ते वाचून मन विषण्ण होते. विमानातले दिशा दाखवणारे एक यंत्र बेरूतपासूनच नादुरुस्त होते. आपण पर्वत मागे टाकला, असा वैमानिकाचा अंदाज झाला. जिनिव्हाच्या रडारवाल्याला विमान पर्वताच्या अलीकडे आहे हे पडद्यावर दिसत होते. त्याने तसे कळवलेही. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते आणि वैमानिकाने त्यांचा अर्थ उलटा घेतला. म्हणजे विमान मुके नव्हते, जमीन आंधळी नव्हती. तरी मधल्या वाक्याने घात केला. जेआरडींसारख्या माणसाला ही चौकशी वाचताना काय वाटले असेल? मुक्या विमानातून तो सुखरूप उतरला होता, आणि बोलणारे विमान त्याच्या मित्राला घेऊन गेले.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ हे जंबो मुंबईहून निघून वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणाऱ्या कप्तानासमोरच्या यंत्राने अंधारात चुकीचे दाखवले होते. पुढच्याच महिन्यात, १ फेब्रुवारीला, मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचे कारण नाही. पण बातमी त्यांना सरकारकडून आधी कळली नाही, ती नव्या अध्यक्षांकडून, एअर चीफ मार्शल लाल यांच्याकडून कळली. शिपायाची बदलीसुद्धा आम्ही त्याला समोर बसवून सांगत असू. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपदावर नव्हे. ती कंपनी २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परतली. ते पाहायला ते नव्हते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमाने समोरासमोर धडकून ३४९ माणसे मेली. नियंत्रकाच्या पडद्यावर विमानांची उंची दिसत नव्हती. वैमानिक सांगेल ती खरी मानायची, अशी व्यवस्था होती. त्यानंतरच देशातली रडार-यंत्रणा सुधारली आणि उंची सांगणारी व टक्कर टाळणारी यंत्रे मोठ्या विमानांना सक्तीची झाली. जमिनीवर साधने हवीत म्हणून १९४९ मध्ये भांडणारा माणूस तोवर या जगात नव्हता. १९९२ मध्ये भारतरत्न, आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात मृत्यू. संसदेने त्यांच्यासाठी कामकाज तहकूब केले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत आई-वडिलांजवळ त्यांना ठेवले आहे.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. १५ ऑक्टोबर १९८२, शुक्रवार. मी बँकेत नुकताच लागलो होतो. आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकले की अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी कराचीहून एकटे विमान घेऊन निघाले आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या उड्डाणाचा सुवर्णमहोत्सव होता. १९६२ मध्येही त्यांनी हाच प्रवास पुन्हा केला होता. पस मॉथ आता मिळत नव्हते, म्हणून त्याच घराण्यातले लेपर्ड मॉथ हे जुने विमान दुरुस्त करून सज्ज केले होते. मार्ग तोच, कराची, अहमदाबाद, जुहू. तरुणांमध्ये हिंमत आणि उमेद पुन्हा यावी म्हणून हा खटाटोप, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते कारण पुरते पटत नाही. एखाद्याला आयुष्यात एका सकाळी जे सापडलेले असते ते परत एकदा हातात घेऊन पाहावेसे वाटते, एवढे कारण पुरे असावे. पुढ्यात होकायंत्र, खाली कच्छचे रण, मग साबरमती, मग खंबातचे आखात. वयस्कर माणूस एकटाच, ताशी शंभर-सव्वाशे मैलांच्या वेगाने, दक्षिणेकडे. अहमदाबादला या वेळी बैलगाडी नव्हती. तिसऱ्या प्रहरी जुहूवर जमलेल्या लोकांनी उत्तरेच्या आकाशात आधी एक ठिपका पाहिला, मग आवाज ऐकला, आणि मग ते विमान चाके टेकवून सरळ त्यांच्याकडे धावत आले.